पन्नाशीच्या आत गुडघ्याचा सांधा बदलल्यास पुढे काय होते?

उंबरठा:

माझे वय ४७ आहे. विशीत खेळताना उजव्या गुडघ्याचे पुढचे लिगामेंट, म्हणजे हाडे बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटले आणि त्याच वेळी फाटलेली आतल्या बाजूची मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील गादी, बरीचशी काढून टाकावी लागली. पुढची अनेक वर्षे त्या गुडघ्याने फारशी तक्रार केली नाही. आता मात्र एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली दिसते, पाय किंचित धनुष्यासारखा वाकला आहे, रात्री कूस बदलताना जाग येते आणि माझे काम दिवसभर उभे राहण्याचे असल्यामुळे संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो. औषधे, इंजेक्शने आणि गुडघ्याचा पट्टा हे सर्व करून झाले आहे.

मी दोन अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घेतले. एकांचे म्हणणे असे की सांधा झिजलेलाच आहे, तेव्हा उमेदीची वर्षे वेदनेत घालवण्यात अर्थ नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की कृत्रिम सांधा पंधरा-वीस वर्षे टिकतो, त्यामुळे साठीपर्यंत कसेही करून ढकलावे, नाहीतर आयुष्यात दोन-तीनदा शस्त्रक्रिया करावी लागेल. दोघांचीही कारणे ऐकताना पटतात आणि म्हणूनच निर्णय होत नाही. सत्तरीच्या नातेवाइकांचे अनुभव मला पुष्कळ ऐकायला मिळतात, परंतु त्यांच्या अपेक्षा आणि माझ्या अपेक्षा सारख्या नाहीत. चाळिशी-पन्नाशीत सांधा बदललेल्यांचे पुढे काय होते, तो किती टिकतो, तो आपला वाटतो का आणि थांबण्याने काही नुकसान होते का, याविषयी ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया लिहावे.

शल्यक:

मी अस्थिरोग विभागात काम करतो. आपला गुडघा मी तपासलेला नाही, त्यामुळे आपण काय करावे हे सांगणार नाही. मात्र दोन्ही तज्ज्ञांच्या सल्ल्यामागे जी आकडेवारी असते ती नीट मांडता येईल, कारण ती अर्धवट सांगितली गेली की गैरसमज होतो.

सर्व वयोगट एकत्र धरले तर संपूर्ण गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया उत्तम टिकते. २०१९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतील माहिती एकत्र केली होती, आणि त्यात २५ वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के कृत्रिम सांधे जागेवर होते. हा आकडा ऐकून पंचेचाळिशीतल्या रुग्णालाही हायसे वाटते. परंतु तो प्रामुख्याने साठी-सत्तरीतल्या रुग्णांमुळे घडलेला आकडा आहे, आणि तरुण रुग्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

वयानुसार हिशेब करणारा महत्त्वाचा अभ्यास २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्येच आला. ब्रिटनमधील पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून त्यात ‘उरलेल्या आयुष्यात फेरशस्त्रक्रिया लागण्याची शक्यता’ काढली होती. सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांत ही शक्यता सुमारे ५ टक्के निघाली, तर पन्नाशीच्या सुरुवातीला सांधा बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच वयाच्या स्त्रियांत ती सुमारे १५ टक्क्यांनी कमी, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास होती. या अभ्यासात पन्नाशीच्या आतले रुग्ण नव्हते, त्यामुळे आपल्या वयाला हा धोका कमी असेल असे मानण्यास आधार नाही. यावरून आपल्या दुसऱ्या तज्ज्ञांची सावधगिरी समजून घेता येते.

आता याच अभ्यासातील जी गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती सांगतो. साठीच्या आत सांधा बदललेल्यांपैकी ज्यांना फेरशस्त्रक्रिया करावी लागली, त्यांच्यात ती निम्म्यांच्या बाबतीत पहिल्या साडेचार वर्षांच्या आतच झाली होती. गाडीचे टायर झिजावे तसा कृत्रिम सांधा वापराने झिजत जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी बदलावा लागतो, अशी आपल्या सर्वांच्या मनातली कल्पना आहे. पण टायर चार वर्षांत झिजत नाही. इतक्या लवकर होणाऱ्या फेरशस्त्रक्रियांची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात: जंतुसंसर्ग, सांधा डळमळीत असणे, तो आखडणे, हाड आणि इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, यांची पकड सुटणे किंवा कारण न सापडलेली वेदना. यांपैकी एकही कारण साठीपर्यंत थांबल्याने आपोआप नाहीसे होत नाही. म्हणून ‘हा सांधा किती वर्षे टिकेल’ यापेक्षा ‘माझ्या गुडघ्यात पहिल्या पाच वर्षांत काय बिघडू शकते आणि ते टाळण्यासाठी आज काय करता येईल’ हा प्रश्न तरुण रुग्णाने आधी विचारावा, असे माझे मत आहे.

आपल्या बाबतीत जुनी दुखापत आणि जुनी शस्त्रक्रिया ही बाब विशेष महत्त्वाची आहे. दुखापतीनंतर आलेल्या संधिवातात आधीचे व्रण, आतमध्ये राहिलेले स्क्रू, सैल लिगामेंट आणि कमी झालेली हालचाल यांमुळे शस्त्रक्रिया अवघड होते, आणि जंतुसंसर्गाचे व आखडण्याचे प्रमाणही साध्या झिजेच्या तुलनेत अधिक आढळते. मागच्या वेळी जखम भरण्यास त्रास झाला असेल किंवा तेव्हा जंतुसंसर्ग झाला असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य सांगावे.

फेरशस्त्रक्रिया म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेची पुनरावृत्ती, असेही समजू नये. जुना भाग काढताना हाड जाते, नवीन इम्प्लांटला हाडाच्या पोकळीत जाणारे लांब दांडे लागतात, आणि निकाल सहसा पहिल्याइतका चांगला येत नाही. ब्रिटनमधील नोंदवहीवर आधारलेल्या २०२१ सालच्या अभ्यासात पहिल्या फेरशस्त्रक्रियेनंतर १३ वर्षांच्या आत सुमारे पाचांतील एका रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रिया लागली, आणि दुसऱ्या फेरशस्त्रक्रियेनंतर तेवढेच प्रमाण गाठायला पाचच वर्षे लागली. ‘पुढे बदलून घेऊ’ हे वाक्य म्हणूनच मला फार हलक्याने उच्चारलेले आवडत नाही.

पारिजात:

माझा संधिवात वेगळ्या प्रकारचा आहे, आणि या चर्चेत तो फरक आधीच स्पष्ट असलेला बरा. मला विशीपासून आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, आणि चाळिशीच्या आत माझे दोन्ही गुडघे बदलले गेले. माझ्यासमोर ‘थांबावे की नाही’ हा प्रश्न फार काळ राहिलाच नाही, कारण गुडघे वाकलेल्या स्थितीत घट्ट होत चालले होते आणि ते सरळ होईनासे झाल्यावर चालण्यासाठी खर्ची पडणारी ताकद माझ्याजवळ उरत नव्हती. अशा वेळी विलंब केल्यास स्नायू व मागचे आवरण इतके आखडते की शस्त्रक्रियेनंतरही पाय पूर्ण सरळ होईल याची खात्री देता येत नाही, असे मला सांगण्यात आले होते.

आमवाताच्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेइतकीच तिच्या आधीची तयारी महत्त्वाची असते. माझे मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध चालू ठेवले होते. बायोलॉजिक इंजेक्शन मात्र थांबवून, पुढचा डोस जेव्हा घ्यायचा त्या सुमारास शस्त्रक्रिया ठेवली, आणि जखम व्यवस्थित भरल्याची खात्री झाल्यावर ते पुन्हा सुरू केले. ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती असते. आणि ती फार काळ बंद ठेवली तर आजार उसळून व्यायामच करता येत नाही. हा तोल संधिवाततज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकमेकांशी बोलूनच सांभाळावा लागतो, रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. भूल देण्यापूर्वी मानेचा एक्स-रे काढला होता, कारण जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

आता परिणामाविषयी. विश्रांतीच्या वेळची आणि रात्रीची वेदना गेली, आणि केवळ तेवढ्यासाठीही मी हा निर्णय पुन्हा घेईन. मी सपाट जागी हवे तेवढे चालते, पोहते, पूर्णवेळ नोकरी करते. मात्र गुडघे टेकून बसणे मला जमत नाही. दुखते असे नाही, परंतु वाटीच्या पुढे कुणीतरी लाकडाचा तुकडा बसवल्याचा भास होतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा अजूनही बधिर आहे. उकिडवे बसणे कायमचे सुटले. जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना कठड्याला हात लागतोच. आपण विचारले आहे की तो आपला वाटतो का, तर बहुतेक दिवस मला त्याची आठवण होत नाही, आणि थंड सकाळी किंवा फार वेळ बसून उठल्यावर होते.

आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे नोंदवावीशी वाटते: माझ्या अपेक्षा आधीच्या अवस्थेमुळे फार खाली आलेल्या होत्या. ज्याला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे कठीण होते त्याला एवढे चालणेही पुष्कळ वाटते. ज्यांचा आयुष्यक्रम अजून बऱ्यापैकी चालू आहे त्यांना हाच परिणाम तोकडा वाटू शकतो.

काठावरचा:

पारिजात यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा अनुभव जोडतो, कारण माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे. पन्नाशीला अजून अवकाश असताना मी गुडघा बदलून घेतला. तेव्हा मी रोज चालत होतो, काम करत होतो. दुखत होते, पण एक्स-रेमध्ये सांध्याची फट कमी झालेली असली तरी पुरती मिटलेली नव्हती. दुखणे कायमचे संपवावे आणि पुन्हा डोंगर चढावेत या इच्छेने मी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. शस्त्रक्रियेत तांत्रिक दोष निघालेला नाही. रक्ततपासण्या, एक्स-रे, स्कॅन सर्व व्यवस्थित आहे. तरीही गुडघ्याभोवती आवळल्यासारखी वेदना कायम आहे, आणि आधी ज्या प्रकारची होती त्यापेक्षा ती वेगळी आहे, कमी नाही. लोक मला इम्प्लांट किती टिकेल हे विचारतात, तेव्हा मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. इम्प्लांट टिकलेले आहे, आणि मी समाधानी नाही. नोंदवहीत मात्र माझी शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच मोजली जात असणार.

शल्यक:

काठावरचा यांनी मांडलेला मुद्दा आकडेवारीतील खरी उणीव दाखवतो. नोंदवह्या ‘पुन्हा शस्त्रक्रिया झाली की नाही’ एवढेच प्रामुख्याने मोजतात. गुडघा बदललेल्या सर्व वयांच्या रुग्णांपैकी साधारण पाचांतील एक जण निकालाबद्दल समाधानी नसतो, हे वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत वारंवार दिसले आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांची फेरशस्त्रक्रिया झालेली नसते.

तरुण रुग्णांपुरते पाहायचे तर अमेरिकेतील पाच केंद्रांमधील ६६१ रुग्णांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ५४ होते आणि शस्त्रक्रियेला एक ते चार वर्षे झाली होती. दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेबद्दल सुमारे ८९ टक्के समाधानी होते. त्याच रुग्णांपैकी गुडघा ‘नेहमीसारखा’ वाटतो असे म्हणणारे ६६ टक्केच निघाले. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना काही ना काही वेदना होती, ४१ टक्क्यांना ताठरपणा जाणवत होता, आणि जिन्यावर काही ना काही अडचण असल्याचे निम्म्याहून अधिकांनी सांगितले. हे दोन्ही संच एकाच वेळी खरे आहेत. समाधान आणि पूर्वस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तरुण रुग्ण बहुधा दुसरीची अपेक्षा धरून येतो.

असमाधानाचा धोका कुणाला जास्त, याविषयी थोडेफार सांगता येते. एक्स-रेमध्ये झीज कमी आणि वेदना मात्र तीव्र, अशा रुग्णांचे निकाल तुलनेने वाईट येतात. फट पूर्ण मिटलेली असेल तर सुधारणेची शक्यता अधिक असते. शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाळ अफूजन्य वेदनाशामके घेणारे, शरीरात इतरत्रही दीर्घकाळ वेदना असणारे, आणि नैराश्य किंवा तीव्र चिंता यांवर उपचार न झालेले रुग्ण, यांनाही नंतर वेदना राहण्याचा धोका अधिक असतो. याचा अर्थ त्यांची वेदना खोटी असते असा मुळीच नाही. त्या वेदनेचा सगळा उगम सांध्याच्या पृष्ठभागात नसतो, आणि आम्ही बदलतो तो केवळ पृष्ठभाग. कंबर आणि खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याला हात लावू नये हे आम्हाला शिकवतात तेही याच कारणाने, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवण्याची उदाहरणे काही दुर्मीळ नाहीत.

सरळरेषा:

उंबरठा यांनी लिहिले आहे की झीज आतल्या बाजूला आहे आणि पाय धनुष्यासारखा वाकला आहे. मग संपूर्ण सांधा बदलणे आणि काहीच न करणे या दोनच पर्यायांत त्यांना का अडकवले आहे, हे मला समजत नाही. माझ्या अशाच गुडघ्यासाठी चाळिशीत ऑस्टिओटॉमी झाली. यात सांध्याला हात लावत नाहीत. नडगीचे हाड सांध्याच्या खाली कापून त्याचा कोन बदलतात आणि पट्टी व स्क्रूने ते बसवतात, त्यामुळे शरीराचा भार झिजलेल्या आतल्या कप्प्यावरून बाहेरच्या चांगल्या कप्प्याकडे सरकतो. हाड जुळून येईपर्यंतचा काळ कंटाळवाणा असतो, कुबड्या लागतात, आणि वेदना शंभर टक्के जात नाही. माझा गुडघा माझाच राहिला, पळण्यावर सरसकट बंदी आली नाही आणि पुढे सांधा बदलायची वेळ आलीच तर ती वाट मोकळी आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हाड जुळायला उशीर होतो, म्हणून मला ते आधी सोडायला लावले होते.

उंबरठा:

सर्वांचे मनापासून आभार. ऑस्टिओटॉमीचा उल्लेख एका तज्ज्ञांनी ओझरता केला होता, पण ‘आता तिची वेळ गेली’ असे म्हटले होते. का, ते मी विचारले नाही. शिवाय अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही असते असे वाचले. माझ्या वयाला ती योग्य ठरते का? आणि शल्यक यांना एक प्रश्न: थांबायचे ठरवले तर त्या थांबण्याला काही अर्थ यावा यासाठी नेमके काय करायचे असते? मी आजवर थांबले म्हणजे केवळ सहन केले.

शल्यक:

ऑस्टिओटॉमीसाठी बाहेरचा कप्पा शाबूत असावा लागतो, हालचाल बऱ्यापैकी असावी लागते, आणि पायाच्या वाकडेपणाचा उगम हाडात असावा लागतो. संपूर्ण पायाचा, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभे राहून काढलेला एक्स-रे नसेल तर या पर्यायाचा विचारच झालेला नाही असे समजावे. ‘वेळ गेली’ हे उत्तर बरोबर असू शकते, परंतु ते त्या चित्राकडे बोट दाखवून दिले गेले पाहिजे. नंतर सांधा बदलण्याची वाट मोकळी राहते हे खरे आहे. ती शस्त्रक्रिया थोडी अधिक किचकट होते एवढे सरळरेषा यांच्या प्रतिसादात जोडतो. आंशिक, म्हणजे आपण म्हणता त्या अर्ध्या, सांधेबदलाबाबत लिगामेंटचा प्रश्न येतो. आपले पुढचे लिगामेंट तुटले होते, ते नंतर बसवले गेले का आणि आज ते कितपत काम करते, यावर बरेच अवलंबून आहे, कारण लिगामेंट निकामी असलेल्या गुडघ्यात हे इम्प्लांट लवकर सैल होण्याची भीती असते. लिगामेंट ठीक असेल तर हा पर्याय विचार करण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत पाच वर्षांनी आंशिक आणि संपूर्ण सांधेबदलाचे निकाल रुग्णांच्या दृष्टीने जवळजवळ सारखे आले. आंशिक सांध्यात हाड कमी जाते आणि गुडघा अधिक नैसर्गिक वाटतो असे पुष्कळ रुग्ण सांगतात. मात्र २५ वर्षांचा हिशेब मांडला तर संपूर्ण सांध्याच्या ८२ टक्क्यांसमोर आंशिक सांधा सुमारे ७० टक्केच टिकलेला दिसतो. या फरकाचा काही भाग असा की दुखणाऱ्या आंशिक सांध्याचे रूपांतर संपूर्ण सांध्यात करणे तुलनेने सोपे असल्यामुळे आम्ही तो निर्णय लवकर घेतो.

थांबण्याविषयीचे उत्तर फिजिओथेरपीच्या क्षेत्रातील कुणी दिल्यास अधिक योग्य होईल. एवढे मात्र मी सांगतो की सांधा बदलण्याआधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास नंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे ‘एक इंजेक्शन घेऊन बघू’ आणि ‘पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया करू’ हे दोन्ही एकत्र चालत नाही.

चालतेबोलते:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सहन करणे आणि उपचार करत थांबणे यांत फरक आहे, हे उंबरठा यांनी स्वतःच ओळखले आहे. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी यासाठी उपयोगी पडते. त्यातील निम्म्या रुग्णांचा सांधा बदलून नंतर बारा आठवड्यांचा उपचारक्रम दिला गेला, आणि निम्म्यांना केवळ उपचारक्रमच दिला गेला: देखरेखीखालचा व्यायाम, माहिती, आहाराविषयी सल्ला, बुटात घालायचे तळवे आणि वेदनाशामके. वर्षअखेरीस वेदना व कार्यक्षमतेच्या शंभर गुणांच्या मापनात शस्त्रक्रिया झालेल्या गटाची सुधारणा सुमारे ३२ गुणांची होती आणि दुसऱ्या गटाची १६ गुणांची. शस्त्रक्रिया निःसंशय सरस ठरली. परंतु केवळ उपचारक्रम घेतलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यानेच त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली, आणि गंभीर दुष्परिणाम शस्त्रक्रियेच्या गटात २४ तर दुसऱ्या गटात ६ नोंदले गेले. त्या रुग्णांचे सरासरी वय साठीच्या पुढचे होते, हे ध्यानात ठेवावे. तरीसुद्धा देखरेखीखालचा असा पूर्ण क्रम एकदाही न करता ‘सर्व करून झाले’ असे म्हणणारे रुग्ण मला फार भेटतात. पट्टा, इंजेक्शन आणि कागदावर छापून दिलेले चार व्यायाम म्हणजे तो क्रम नव्हे.

व्यायामाचा भर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि खुब्याच्या स्नायूंवर असावा, आणि भार हळूहळू वाढवत न्यावा. वेदना थोडी वाढून दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरत असेल तर ते चालते. वजन अधिक असेल तर ते उतरवण्याचा परिणाम व्यायामाइतकाच ठोस आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थूलता आणि गुडघ्याचा संधिवात दोन्ही असलेल्यांना सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारे इंजेक्शन दिले असता ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्के घटले आणि वेदनाही खोट्या इंजेक्शनच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. हे औषध कुणी घ्यावे हा डॉक्टरांचा विषय आहे. मी ते केवळ वजन आणि वेदना यांचा संबंध दाखवण्यासाठी सांगितले.

थांबण्याची मर्यादाही सांगायला हवी. गुडघा शेवटचे काही अंश सरळ होईनासा होऊ लागला, वाकण्याची मर्यादा दर सहामाहीला कमी होऊ लागली, पायाचा वाकडेपणा वाढू लागला किंवा दुखण्यामुळे मांडीचा घेर दिसण्याइतका उतरला, तर थांबण्याचा फायदा संपला असे मी मानते. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकतो हा नंतर तो किती वाकेल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज असतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद निम्म्याहून अधिक घटते. जो आधीच दुबळ्या स्नायूंनी शस्त्रक्रियेला जातो त्याला ती भरून काढणे फार जड जाते.

शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या काळाबद्दल तरुण रुग्णांचा अंदाज बहुधा चुकतो. ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधार घेऊन चालू लागतात, आणि त्यामुळे महिन्याभरात सर्व सुरळीत होईल असे धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्या सहा आठवड्यांत झोप नीट लागत नाही, सूज काही महिने राहते आणि सुधारणा वर्षभर चालू असते. बैठे काम महिना-दीड महिन्यात सुरू करता येते. उभे राहण्याच्या कामासाठी तीन महिने धरून ठेवावेत आणि सुरुवातीला अर्धा दिवसच काम मिळेल का हे आधी विचारून ठेवावे. गुडघा आखडण्याचे प्रमाण तरुणांत जास्त दिसते, त्यामुळे सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो ९० अंशही वाकत नसेल तर वाट पाहत बसू नये. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांत केला तर अधिक उपयोगी ठरतो. जिन्यासाठी साधारण ९० ते १०० अंश लागतात, आणि उकिडवे बसण्यासाठी १३० च्या पुढे; बहुतेक कृत्रिम गुडघे ११० ते १२५ च्या दरम्यान थांबतात. आपल्या रोजच्या जीवनात यांपैकी कशाची खरी गरज आहे ते आधीच लिहून काढावे.

उंबरठा:

लिगामेंट कधीच बसवलेले नाही, आणि संपूर्ण पायाचा एक्स-रेही काढलेला नाही. या दोन्ही गोष्टी मी पुढच्या भेटीत मांडणार आहे आणि तोपर्यंत देखरेखीखालचा व्यायामक्रम सुरू करणार आहे. शेवटचा एक प्रश्न: मला रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया आणि ‘तीस वर्षे टिकणारा’ सांधा असे दोन्ही सुचवण्यात आले. तरुण रुग्णासाठी त्याने फरक पडतो का?

शल्यक:

लिगामेंट बसवलेले नसेल तर आंशिक सांध्याचा पर्याय बराच मागे पडतो, आणि ऑस्टिओटॉमीच्या नियोजनातही नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा पुढे-मागे उतार किती ठेवायचा याचा वेगळा विचार करावा लागतो. हे विचारल्यावर समोरचे तज्ज्ञ आनंदाने चर्चा करतील. न केल्यास तिसरे मत घ्यावे.

रोबोटमुळे हाडाचे काप ठरवलेल्या कोनात अधिक अचूक बसतात हे मान्य आहे. त्यामुळे रुग्णाची वेदना किंवा कार्यक्षमता ठळकपणे सुधारते किंवा वीस वर्षांनंतरचे टिकणे वाढते, हे अजून सिद्ध झालेले नाही. अशी शस्त्रक्रिया नेहमी करणारा हात माझ्या दृष्टीने यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि वर्षाला किती गुडघे बदलता, पन्नाशीच्या आतले किती, जुन्या दुखापतीचे किती, हे विचारण्यात रुग्णाने संकोच करू नये.

‘तीस वर्षे’ हा दावा बहुधा यंत्रावर सांधा घासून केलेल्या चाचणीवरून किंवा नव्या प्रकारच्या पॉलिथिलीनवरून, म्हणजे सांध्याच्या धातूच्या भागांमधल्या प्लास्टिकच्या गादीवरून, केलेला असतो. सुधारित पॉलिथिलीनची झीज जुन्यापेक्षा कमी होते ही चांगली गोष्ट आहे, आणि दीर्घ आयुष्य समोर असलेल्याला तिचा उपयोगही होईल. सिमेंटशिवाय बसवायचे सांधेही तरुणांत पुन्हा वापरले जाऊ लागले आहेत, कारण हाड थेट धातूत वाढले तर ती पकड दीर्घकाळ टिकावी अशी अपेक्षा आहे. पण बाजारात अलीकडे आलेल्या कोणत्याही सांध्याचा तीस वर्षांचा मानवी अनुभव असूच शकत नाही. ज्या इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवहीत किमान दहा वर्षांची नोंद आहे ते मागावे, त्याचे नाव आणि मापे लिहून घ्यावीत आणि तो कागद जपून ठेवावा, कारण पुढे कधी फेरशस्त्रक्रिया करणाऱ्याला सर्वांत आधी तोच लागतो.